देवीच्या डोक्यावरचं कौल

आमच्या गावदेवीचं देऊळ कोणी बांधलं याबद्दल गावात चार मतं आहेत, आणि त्यांतली तीन माझी आहेत. हायस्कुलात मराठी शिकवत होतो तेव्हा दुपारच्या तासाला पोरं पेंगायला लागली की मी एकेक मत सोडायचो. एका वर्षी देऊळ पांडवांनी बांधलं. दुसऱ्या वर्षी बुडता बुडता वाचलेल्या एका तांडेलाने नवसापोटी बांधलं. तिसऱ्या वर्षी ते मुळी बांधलेलंच नव्हतं, जमिनीतून अळंब्यासारखं उगवलं होतं, आणि ती बॅच पुढे सगळीच्या सगळी पास झाली. चौथं मत आमच्या सुतारआबांचं. "माझ्या पणज्यानं बांधलान्," आबा सांगायचे, "पांडव कशाला येतायत हिकडं मरायला?" तेच खरं असणार. चारांत सगळ्यात नीरस तेच आहे.

हातखंब्याला हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव वीस मिनिटांवर आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो. तासाभराने ते फोन करतात तेव्हा म्हणतो, "आता आलंच." शेवटच्या वळणावर समोर देऊळ दिसतं. म्हणजे छप्पर दिसतं. खाली देऊळ आहे हे विश्वासावर घ्यायचं. एकावर एक अशी तीन छपरं, सगळी मंगलोरी कौलांची. लांबून बघितलं तर एखादी लठ्ठ तांबडी कोंबडी पंख पसरून अंड्यांवर बसली आहे असं वाटतं. वळचण इतकी खाली की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. ज्याला नमस्कार करायचा नसेल त्याच्याकडूनही ते छप्पर करून घेतं. एकदा तालुक्याहून एक उंच साहेब आले आणि ताठ मानेने आत शिरले. ठक् असा आवाज झाला. पुढच्याच क्षणी साहेब देवीसमोर साष्टांग पडलेले. त्या वर्षी त्यांना बढती मिळाली असं मी सांगतो. टेंगूळ मात्र खरोखरच मोठं होतं.

आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. मग पायाखालचा गारवा कळतो. जोतं जांभ्या चिऱ्याचं, आणि चिऱ्याला भोकं असतात, त्यातून देऊळ श्वास घेतं. ही थाप नव्हे, मे महिन्यात दुपारी तिथे पाठ टेकून बसा म्हणजे कळेल. उजेड वरून येतच नाही. तो अंगणातून वळचणीखालून सरपटत आत येतो, गुळगुळीत जमिनीवर आपटतो आणि खालून वर देवीच्या तोंडावर जातो. त्यामुळे देवी सदैव कुणाचं तरी गुपित ऐकून हसू दाबत असल्यासारखी दिसते. गावात काय काय चालतं ते पाहता तिला दुसरं तोंड करणं शक्यही नाही.

आणि मग खांब. फणसाच्या लाकडाचे सोळा खांब, एकासारखा दुसरा नाही. एकावर पोपट, एकावर टोपीवाला साहेब, एकावर हत्ती. हत्ती कोरणाऱ्याने हत्ती कधी बघितलेला नव्हता, त्यामुळे ती नाकाला नळी लावलेली म्हैस झाली आहे. पण बाराव्या खांबावर चक्क एसटी आहे. मूळचा खांब वाळवीने खाल्ला तेव्हा आबा विशीत होते. नवा खांब त्यांनी घडवला आणि त्याच वर्षी गावात पहिली एसटी आली होती, म्हणून देवीच्या दारात त्यांनी एसटी कोरली. चाकं, खिडक्या, घंटीची दोरी, सगळं. शेवटच्या खिडकीत डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बाहेर बघते आहे. ती आबांची बायको, आमची वहिनी. ती त्याच एसटीतून या गावात नांदायला आली. तिचा फोटो कधी कुणी काढला नाही. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात ती आहे की शेजारचा माणूस आहे हे देवीलाही सांगता येणार नाही. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. आबा रोज सकाळी देवळात येतात, आधी देवीला हात जोडतात आणि मग बाराव्या खांबाशी जाऊन टेकतात. एकदा मला म्हणाले, "नाक जरा मोठं झालाय. त्यावरनं जन्मभर भांडली." आणि त्या नाकावरून त्यांनी अंगठा फिरवला.  

तर हे देऊळ पाडून स्लॅब घालायचा, असं आमच्या मुंबई मंडळाने ठरवलं.

मुंबई मंडळ म्हणजे गावातले सगळे कर्ते पुरुष. गावात राहतो तो मी, गुरव, आबा, बायामाणसं आणि वानरं. मंडळाचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी, मुंबईत एका कचेरीत शिपायापासून चढत चढत आता कुठल्याशा टेबलावर पोचलेला. माणूस चांगला. मन मोठं, पोट त्याहून मोठं. त्याने ग्रुपवर नव्या देवळाचं चित्र टाकलं: घुमट पिस्त्याच्या रंगाचा, खांब गुलाबी, भिंतींना न्हाणीघरात लावतात तसल्या चकचकीत फरशा. खाली लिहिलं, "आपली देवी आता मागे नाही." मी विचारलं, "मागे कुठे होती?" त्यावर फक्त हात जोडलेलं चित्र आलं.

त्याचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. वानरं देवळावर उड्या मारतात, कौलं फोडतात. दर मे महिन्यात छप्पर शाकारायचं, म्हणजे कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावायची, तर त्याला माणसं लागतात. माणसं मुंबईत. "सर, वानरांना रजा मिळते, आम्हाला मिळत नाही," तो म्हणाला. वाक्य चांगलं होतं. माझा विद्यार्थी, शेवटी.

पण खांबांचं काय, तर समुद्राकडच्या एका रिसॉर्टवाल्याने ते मागून घेतले होते. तो एक दिवस टेप घेऊन आला, सोळाही खांब मोजले, बाराव्यापाशी थांबला आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "हा बसवाला बार काउंटरला मस्त दिसेल." आबा मागेच उभे होते. त्या संध्याकाळी ते माझ्या ओटीवर आले. पाणी घेतलं नाही, चहा घेतला नाही.

"मास्तर, माझी एश्टी दारूच्या गुत्त्यावर लागणार काय?"

"आबा, कौल लावल्याशिवाय देवळाचा खिळा हलत नाही. आणि कौल कधी लावायचा ते गाव ठरवणार. चिटणीस कोण? मी."

"खिळा नायच त्यात. सगळं खुंट्यांवर हाय," आबा म्हणाले, आणि जरा हसले.

आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवीला विचारावं लागतं. गुरव मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. कधी पाच मिनिटांत मिळतो, कधी देवी दोन तास विचार करते. माझा बेत साधा होता. मे महिन्यात गुरवाला तीन गावच्या पूजा असतात. कौल आज-उद्या करत पाऊस येऊ द्यायचा. पाऊस आला की मुंबईकर परत, काम पुढच्या वर्षावर. आणि पुढच्या वर्षी माझ्याकडे नवीन थाप असतेच. म्हणून मी ग्रुपवर, चिटणीस या नात्याने, शुद्ध मराठीत सूचना टाकली:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कौल उतरल्याशिवाय कोणीही देवळाच्या कामास हात लावू नये."

अर्ध्या तासात तीस अंगठे आले. मी चकित झालो. तीस वर्षं शिकवलं, इतक्या एकमताने कुठल्या वर्गाने माझं कधी ऐकलं नव्हतं.

मे लागला, मुंबईकर आले. त्या आठवड्यात एका सकाळी मी कवळीचं माप द्यायला रत्नागिरीला गेलो. दुपारच्या एसटीने परतताना शेवटचं वळण आलं आणि मी खिडकीतून नेहमीसारखी कोंबडी बघायला मान वळवली. कोंबडी नव्हती. जागेवर हाडांचा सापळा उभा होता. वासे, रिपा, आढं, सगळं उघडं. वरती नुसतं आभाळ. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, देवळाला काय झालं?" माझ्या तोंडात नवी-जुनी कुठलीच कवळी नव्हती, त्यामुळे मी जे बोललो ते त्याला कळलं नाही हे बरं झालं.

अंगणात कौलांचा डोंगर. चाळीस माणसं घामाने निथळत, हातात कोकम सरबत. अध्यक्ष हाफ पँट आणि पांढऱ्या बुटांत, मान लाल झालेली, चेहऱ्यावर गुणवत्ता यादीत आल्याचा आनंद.

"सर! एका सकाळीत उतरवली. बघा!"

"हे काय केलंत रे?" मी हिरड्यांनीच ओरडलो.

"तुमच्या सूचनेप्रमाणे. कौल उतरल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. आता उतरली, आता लावतो हात."

"मेल्या, कौल! देवीचा कौल!"

"मग देवीचा असं लिहायचं ना सर."

"कौलं म्हणायचं असतं तर ल वर अनुस्वार दिला असता मी! टिंब कुठे दिसलं तुला?"

तो माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने बघत राहिला. "सर, व्हॉट्सॲपवर अनुस्वार कोण देतं?"

या पोराकडून मी सातवीत "अनुस्वाराने अर्थ बदलतो" हे वाक्य शंभर वेळा लिहून घेतलं होतं. त्याने ते शंभरही वेळा अनुस्वाराशिवाय लिहिलं होतं आणि मी कंटाळून सही केली होती. त्या सहीची शिक्षा मला इतक्या वर्षांनी मिळत होती.

पण खरी शिक्षा पुढे होती. आबा जोत्यावर बसले होते, बाराव्या खांबाशी. खांबावर पहिल्यांदाच थेट ऊन पडलं होतं. एसटीच्या खिडक्या, ती बाई, तिचं नाक, सगळं पांढरंफटक दिसत होतं. आबांनी डोक्यावरचा टॉवेल काढून खांबाला गुंडाळला होता, वहिनीला ऊन लागू नये म्हणून. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, पोरं बोल्ली तुमी सांगितलांत म्हणून. तुमी सांगितलांत?"

मी पहिल्यांदाच आयुष्यात थोडक्यात उत्तर दिलं. म्हटलं, "टिंब राहिलं, आबा."

त्यांना ते कळलं नाही. मीही समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरवाला शेजारच्या गावातून मोटारसायकलवर बसवून आणला. मुंबईकरांना घाई होती. पावसाला जेमतेम महिना उरला होता आणि कॉन्ट्रॅक्टर निघायच्या तयारीत होता. आता छप्पर नाहीच, तर होकार दिल्यावाचून देवीला गत्यंतर नाही, आणि ती काही आपलंच घर उघडं ठेवणार नाही, असा अध्यक्षाचा हिशेब. सगळा गाव गोळा झाला. गुरवाने पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बारा वाड्यांच्या आई, सगळ्या वाटा राखणारे..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ही लेकरं तुझ्या पायाशी हात जोडून उभी ऱ्हायलीत..."

पुढचं "व्हय म्हाराजा" घशातच राहिलं. खाडीकडून अकराचा वारा सुटला. एरवी तो वळचणीला थबकतो आणि मुकाट्याने बाजूने जातो. त्या दिवशी अडवायला होतं कोण? वरून झोडपत आला. डावी पडली, उजवी पडली, दोन्ही एकदम. मागून समई विझली. एक पाकळी हवेत तीन गिरक्या घेऊन अध्यक्षाच्या गालावर येऊन चिकटली. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "ह्येलाच कौल लावला की काय आईनं?" आणि सगळी बायकांची बाजू पदरात तोंड घालून हलायला लागली.

पुन्हा चिकटवल्या, पुन्हा उडाल्या. तिसऱ्यांदा अध्यक्ष स्वतः मूर्तीपुढे पाठ करून उभा राहिला, आडोसा म्हणून. आडोसा भरपूर होता, पण त्यामुळे देवीच दिसेना.

मी सहज विचारलं, "बुवा, वाऱ्याचा कौल धरायचा काय?"

गावात म्हणतात की मी आदल्या संध्याकाळी गुरवाच्या घरी गेलो होतो. गेलो होतो. काकडी आणायला गेलो होतो. यापुढे माझ्याकडून काही निघणार नाही.

गुरवाने डोळे उघडले, वर आभाळाकडे बघितलं, खाली कौलांच्या ढिगाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "वारा काय देवी हाय? देवीच्या डोक्यावर कौल नाय, मंग ती तोंडानं कौल दील कशी? आधी तिचा तिला द्या. मंग विचारा."

"म्हणजे छप्पर पुन्हा घालायचं?" अध्यक्ष.

"मी कुठं बोल्लो? आईच बोल्ली."

"पाडायचंय की नाही हे विचारण्यासाठी आधी पूर्ण बांधायचं?"

"तुमच्या हापिसात काय येगळी पद्धत हाय?" गुरवाने विचारलं.

अध्यक्ष कौलांच्या ढिगाकडे वळला आणि त्याने बाह्या सरसावल्या. सरकारी टेबलावर आयुष्य गेलं होतं त्याचं.

उतरवायला एक सकाळ लागली होती, चढवायला नऊ दिवस. कारण उतरवणाऱ्यांनी कौलं शेतातल्या पेंढ्यासारखी फेकली होती, आणि चढवायची तर ती आबांच्या हाताखाली. आबांनी टॉवेल खांबावरून काढून पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि त्या क्षणापासून मुंबई मंडळाचा अध्यक्ष कोण हा प्रश्न उरला नाही. त्यांनी पहिलंच फर्मान काढलं: प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. टण् वाजलं तर चांगलं, थप्प वाजलं तर आत चीर. चाळीस माणसं दिवसभर अंगणात बसून कौलं वाजवत होती. लांबून कुणी ऐकलं असतं तर गावात भजन आहे असंच वाटलं असतं, फक्त पेटी वाजवणारा मेला म्हणून नुसत्या टाळांवर चाललेलं.

अध्यक्षाला आबांनी थेट आढ्यावर चढवलं. "वजन कोणाचं जास्ती? तू बस वर. छप्पर दबून बसंल." बिचारा वाशाला मिठी मारून पहिला अर्धा दिवस देवीचं नामस्मरण करत होता. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी वरूनच ओरडला, "सर, ह्याच्यात खरंच खिळा नाही! एक लाकूड दुसऱ्याला नुसतं धरून बसलंय!"

"नवरा-बायकोसारखं," खालून आबा म्हणाले.

"आणि वारा आला की थोडं हलतं!"

"हलतंय म्हणून ऱ्हायलंय. मोडतं कोन? आडमुठं आसतं ता."

एक वासा कुजलेला निघाला तेव्हा अध्यक्ष म्हणाला, बाजारातून तयार आणू. आबांनी त्याच्याकडे मी मराठीच्या वहीत गणितं सापडली तर बघायचो तसं बघितलं. मग देवळामागच्या परड्यात वाळून पडलेलं फणसाचं झाड दाखवलं. दोन दिवस दोघं मिळून तो वासा तासत होते. अध्यक्षाच्या हाताला फोड आले. त्याने ते फोड फोटो काढून ग्रुपवर टाकले. अंगठे आले. मुंबईतच राहिलेल्या एका सभासदाने विचारलं, "स्लॅबचं कुठपर्यंत?" त्यालाही अध्यक्षाने नुसता अंगठा दिला.

फुटलेल्या कौलांची तूट होती. मंगलोरी कौलं आता मिळतात, पण आबांना जुन्याच साच्याची हवी होती. "नव्या कौलाची मान जुन्याच्या खांद्यात बसत नाय," ते म्हणाले. तेव्हा मला खाडीकडचे आमचे एक चाचा आठवले. मुलगा कुवेतला, त्याने बापाला दुमजली स्लॅबचं घर बांधून दिलं होतं आणि जुन्या घराची त्याच साच्याची कौलं मागे माडाखाली रचून ठेवली होती. मी आणि अध्यक्ष टेम्पो घेऊन गेलो. चाचा नव्या घराच्या बाहेर, झाडाखाली खाटेवर बसले होते.

"आत का बसत नाही चाचा?"

"आत बसायला घर आहे का ते? भट्टी आहे. मुलगा फोनवर विचारतो, अब्बा, घर कसं आहे? मी सांगतो, बेटा, अगदी कुवेतसारखं." मग कौलांकडे हात केला. "न्या. सगळी न्या. देवीला सांगा, पन्नास पावसाळे आमचं डोकं सुकं ठेवलंय त्यांनी. मेहनती आहेत."

परतताना टेम्पोत अध्यक्षाने एक कौल मांडीवर घेऊन वाजवून बघितलं. मग म्हणाला, "सर, चाचांचा स्लॅब खरंच इतका तापतो?" मी म्हटलं, "अंडं फोडलं तर आम्लेट होतं. मी स्वतः खाल्लंय." ते खोटं होतं. पण त्या दिवशी मी त्याला सांगितलेलं ते एकच खोटं होतं, आणि माझ्या मानाने हा संयमच.

नवव्या दिवशी दुपारी शेवटचं कौल बसलं. आत गेलो तर तो जुना काळोख परत आलेला, तोच गारवा. उजेड पुन्हा खालून सरपटत येत होता आणि देवी पुन्हा हसू दाबत होती.  सगळ्यांना मनातून वाटत होतं की आता विचारूच नये. पण गाव जमला होता, कबूल केलं होतं, आणि देवीशी केलेला करार चिटणीसालाही मोडता येत नाही. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या.

"आई, ह्या लेकरांनी तुझ्या दारात शिलाब घालायचं मनात आणलाय. तुझी मर्जी हाय काय? हाय तर उजवा दे, नाय तर डावा दे."

"व्हय म्हाराजा!"

वारा वळचणीला थबकून बाजूने गेला. पाकळ्या जागच्या हलेनात. दहा मिनिटं गेली, वीस गेली. अध्यक्ष डाव्या पाकळीकडे असा बघत होता की नजरेनेच ती पाडील. आबा बाराव्या खांबाशी उभे, हात खांबावर.

उजवी पडली.

एवढ्या माणसांत तिचा पडल्याचा आवाज आला, असं मी सांगतो आणि लोक यावर मात्र विश्वास ठेवतात.  आबांनी खांबावरचा हात काढला. ते खाली वाकले, आपली पटाशी, रंधा, हातोडी एकेक करून पिशवीत घालू लागले. "आईनं सांगितलान्, झालं," म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मास्तर, पाडताना बाराव्याची तुळई आधी काढा. नायतर चिरतोय तो."

"थांबा!" अध्यक्ष ओरडला. देवळात इतक्या मोठ्याने कुणी ओरडत नाही. "थांबा आबा. सर, बुवांनी काय विचारलं? शब्दाला शब्द सांगा."

"तुझ्या दारात शिलाब घालायचं मनात आणलाय."

"तुम्ही व्याकरण शिकवलंत. कुठे घालायचा म्हणाले?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. तीस वर्षं फळ्यावर अधिकरण, अधिकरण म्हणून खडू झिजवले, पण सप्तमी विभक्तीचा असा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता. मी घसा साफ केला आणि वर्गात बोलतो तसा बोललो, "दारात. सप्तमी. म्हणजे दाराच्या ठिकाणी. दार म्हणजे आमच्याकडे अंगण. डोक्यावर म्हटलेलं नाही. मंडपावर म्हटलेलं नाही."

"म्हणजे अंगणात."

"व्याकरणाने तसंच होतं."

"अंगणात काय आहे?"

"महाप्रसादाची चूल," मागून बायकांतून आवाज आला. ती मघाचीच म्हातारी. "दरसाल भाताच्या हंड्यात पालापाचोळा पडतो आमच्या. आईला आमची काळजी. तुमाला नाय."

सगळे गुरवाकडे वळले. दरवर्षी गाऱ्हाण्यात देवळाचं काम म्हणजे देवळाचं काम असतं, "दारात" हा शब्द कुठून आला, हे त्याला विचारायला हवं होतं. तो पाकळ्या गोळा करत होता. म्हणाला, "माझ्या तोंडात आला तो बोल्लो. आता मी काय शाळा शिकलेला हाय?" चौथी नापास माणूस, पण त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात हेडमास्तर केलं.

"व्हय म्हाराजा!" अध्यक्ष एकटाच ओरडला, आणि मग सगळा गाव.

पाऊस यायच्या आत अंगणात चुलीवर स्लॅब पडला. चार खांब, वर सपाट छप्पर, एका बाजूने जिना. अध्यक्षाने हौसेने खांबांना पिस्त्याचा रंग दिला. देवीने रंगाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. रिसॉर्टवाल्याचा फोन आला तेव्हा त्यानेच घेतला आणि शुद्ध मराठीत, मला अभिमान वाटेल अशा वाक्यात सांगितलं की खांब सध्या काम करत आहेत.

आता गंमत अशी की स्लॅबवर सगळ्यात जास्त वेळ जर कोण असेल तर ते आबा. पुढच्या मे महिन्यात बायकांनी त्यावर आमसुलं वाळत घातली, आंब्याफणसाची साटं घातली, मिरच्या घातल्या. कावळे राखायला कुणीतरी हवं, तर आबा जिन्याने वर गेले आणि त्यांना कळलं की या एकाच जागेवरून देवळाचं सगळं छप्पर समोर उघडं दिसतं, वळचणीपासून आढ्यापर्यंत, एकेक कौल. ऐंशी वर्षांत हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. पणजोबांनाही दिसलं नसणार. तेव्हापासून ते छत्री उघडून वर बसतात. कावळे आमसुलं खातात. आबांचं तिकडे लक्ष नसतं. मुंबईकर रजेवर येऊन अंगणात पाय ठेवतात न ठेवतात तोच वरून हाळी येते:

"अध्यक्ष! तिसऱ्या रांगेतलं सातवं सरकलाय! चड वर!"

आणि तो, पांढरे बूट काढून, चढतो.